कानपिळीचं इंग्रजी

माझ्या भाचीच्या लग्नात एका इंग्रजी शब्दावरून रुसवेफुगवे झाले, आणि तो शब्द मीच घातलेला होता. मी शैला. तळेगावला शाळेत इंग्रजी शिकवते. शब्द नेमका वापरला पाहिजे असं माझं ठाम मत आहे आणि ते मी घरच्यांना इतक्या वेळा ऐकवलंय की माझा भाऊ केशव मला मेसेजच्या उत्तरात नुसता अंगठा पाठवतो. त्यात चूक काढता येत नाही ना.

तर या केशवची मुलगी सई. ती पुण्यात नोकरी करते, तिथेच तिला अनिर्बाण भेटला. मुलगा कोलकात्याचा, शांत, हसरा आणि माझ्याशी बोलताना व्याकरण सांभाळणारा. मला तेवढं पुरे होतं. लग्न मळवलीच्या एका फार्महाऊसवर करायचं ठरलं, कारण केशव लोणावळ्यात राहतो आणि सईला हॉलमधल्या खुर्च्यांना घातलेले सॅटिनचे झगे बघवत नाहीत. तिने विधींनाही कात्री लावली. हे नको, ते नको, जेवणाच्या आत सगळं आटपलं पाहिजे. जे उरलं ते कोलकात्याच्या पाहुण्यांना कळावं म्हणून प्रत्येक खुर्चीवर एक इंग्रजी कार्ड ठेवायचं होतं, एकेका विधीला एकेक वाक्य. ते लिहायचं काम कोणी न विचारताच माझ्याकडे आलं.

मंगलाष्टकं, लाजाहोम, सप्तपदी ही वाक्यं मी बसल्या बैठकीला लिहून काढली. अडले ती कानपिळीला. लाजाहोमात नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि मग उठून नवऱ्या मुलाचा कान धरून पिळतो. माझ्या बहिणीला नीट वागव, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, एवढाच त्याचा अर्थ. नवरामुलगा खोटंखोटं कळवळतो, मेहुण्याला काहीतरी भेट देतो, मग कान सुटतो. सगळं लग्न मनापासून हसतं अशी ही एकच जागा. आता 'कान धरतो' याला इंग्रजीत काय म्हणावं? 'होल्ड' मला अळणी वाटलं. 'ग्रॅब' म्हणजे एसटीत रुमाल टाकून सीट पकडल्यासारखं. बराच विचार करून मी लिहिलं की नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान 'क्लच' करतो, आणि स्वतःवर खूश होऊन चहा टाकला.

सईने ते कच्चं कार्ड सासूबाईंना पाठवलं. सासूबाई म्हणजे सुतपा. कोलकात्याच्या एका कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. आवाज इतका मऊ की मी आधीच सावध झाले. क्लच कशाला, त्यांनी विचारलं, धरायचंच असेल तर 'क्लॅस्प' का नको?

शहाण्या बाईने म्हटलं असतं, हो, बदलते. पण पलीकडे इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या आणि अलीकडे मी तळेगावची मास्तरीण, आणि मी काही अशीतशी मागे हटत नाही. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून मी त्यांना लांबलचक मेसेज लिहिला. दोन्ही शब्दांत धरणंच आहे, पण धरणाऱ्याच्या पोटात काय आहे त्यावरून शब्द ठरतो. क्लॅस्पमध्ये माया असते. जुनी मैत्रीण भेटली की आपण तिचा हात दोन्ही हातांत घेतो, तो क्लॅस्प. क्लचमध्ये भीती असते, हातातलं निसटलं तर आपलं काही खरं नाही अशी. भुशीहून उतरणारी जीप वळणावर कलंडायला लागली की आतली सगळी मंडळी मिळेल तो दांडा धरतात, ते क्लच. तिथे क्लॅस्प कोणी करत नाही. शिवाय क्लॅस्पला अख्खा तळवा लागतो, दोन बोटांत मावणाऱ्या कानाला तो शब्द लागूच पडत नाही. सबब क्लच बरोबर. शेवटी मी एक हसरा चेहराही टाकला.

उत्तर संध्याकाळी आलं. आभारी आहे, आता माझी खात्रीच पटली, असं त्यांनी लिहिलं होतं. घाबरलेल्या माणसाची घट्ट पकड, आणि तीही विहंगच्या हाताची, माझ्या मुलाच्या कानाजवळ यायला नको. हा विधी कृपया वगळावा. आमच्याकडेही भाऊ बहिणीच्या हातात लाह्या घालतो, तेवढं पुष्कळ आहे.

आता विहंगच्या हाताबद्दल सांगायला हवं. विहंग हा सईचा थोरला भाऊ. कॉलेजात असताना कबड्डी खेळायचा, डावा कोपरा. चढाईला आलेल्याचा घोटा एकदा त्याच्या हातात आला की पुढचं पंचांनी बघायचं. आता तो कामशेतला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सर्व्हिसिंगचं काम सांभाळतो, म्हणजे हाताचा व्यायाम काही सुटलेला नाही. साखरपुड्याला त्याने आनंदाच्या भरात सुतपाबाईंशी हात मिळवला आणि त्यांची अंगठी शेजारच्या बोटात रुतली. बाई सभ्य, हसल्या. पण नंतर आईस्क्रीमचा चमचा त्यांनी डाव्या हातात धरला होता, हे मी पाहिलं होतं.

आणि कानाचीही एक कथा होती, ती मला सईने नंतर सांगितली. अनिर्बाणच्या डाव्या कानाचं लहानपणी ऑपरेशन झालेलं. वडील लवकर गेलेले, त्यामुळे दवाखाने, इंजेक्शनं, पोराचं ठणकणं, सगळं सुतपाबाईंनी एकटीने काढलं. अजूनही गार वारं सुटलं की त्या त्याला कानात कापूस घालायला लावतात, आणि तो ऑफिसात एवढी टीम सांभाळणारा माणूस मुकाट्याने घालतो. कानपिळीला माझी काही हरकत नाही, असं तो म्हणाला खरा. पण आईसमोर त्याच्या कानाबद्दल त्याचं मत कोण विचारतो?

सईने दोन दिवस धुसफूस केली आणि मग विहंगला फोन करून सांगितलं की दादा, कानपिळी राहू दे, त्यांच्याकडे चालत नाही. विहंग म्हणाला, "बरं." एवढंच. का नाही, कोण म्हणालं, काही विचारलं नाही. ते 'बरं' मला सईने ऐकवलं तेव्हा मला माझा सगळा शब्दसंग्रह इंद्रायणीत बुडवावासा वाटला.

कारण विहंगने या लग्नात दुसरं काहीच मागितलं नव्हतं. सुषमावहिनी, म्हणजे या दोघांची आई, गेली तेव्हा सई अकरावीत होती आणि केशव रेल्वेच्या ड्यूट्यांमध्ये अडकलेला. विहंगने कबड्डीचा सराव सोडला आणि डबा करायला शिकला. पहिले काही महिने सईने करपलेली भाजी तोंडातून अवाक्षर न काढता खाल्ली, हे दोघंही अजून एकमेकांना सांगत नाहीत, मला मात्र दोघांनीही सांगितलंय. रोज सकाळी तिला स्टेशनवर सोडायचा आणि गाडी हलेपर्यंत तिथेच उभा राहायचा. वहिनी शेवटी शेवटी अंथरुणावर असताना त्याला हसत म्हणाली होती की सईच्या नवऱ्याचा कान तूच पिळ, कुणा चुलतभावाला पुढे करू नकोस. विहंगसाठी ती काही गंमत नव्हती. त्याला आईने दिलेलं तेवढं एकच काम होतं, आणि ते मी एका शब्दापायी घालवलं.

मी तातडीने कार्डात 'होल्ड' घातलं आणि सुतपाबाईंना कळवलं. त्यांनी उत्तर दिलं की आता प्रश्न कार्डाचा राहिलेला नाही. बाई हुशार होत्या. मला त्यांचा राग आला आणि त्यांचं म्हणणं पटलंही, आणि हे दोन्ही एकदम होणं मला अजिबात आवडत नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी सुतपाबाई आणि त्यांची मंडळी मळवलीला पोचली. फार्महाऊसची देखभाल कान्हू आणि त्याची बायको सावित्राबाई करतात. सावित्राबाई चहा घेऊन व्हरांड्यात आली, आम्हा दोघींचे पडलेले चेहरे पाहिले आणि काय झालं म्हणून विचारू लागली. मी दोन शब्दांत सांगितलं. ती टेकली आणि हसायलाच लागली.

"आवो ताई, आमच्यात तर भाऊ असा कान वडतो का नवरा पाटावरनं उटून हुबा ऱ्हातो. समदी लय हसत्यात."

ही काय म्हणते, असं सुतपाबाईंनी विचारलं. आणि इतकी वर्षं पोरांच्या भाषांतरात काना-मात्रा न सोडणाऱ्या मी त्यांना इंग्रजीत सांगितलं की हिच्या गावात हा विधी फार हळुवारपणे होतो, असं ती म्हणते. सावित्राबाई हाताने कान ओढून दाखवतच होती. सुतपाबाईंनी एकदा तिच्या हाताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चहाचा घोट घेतला.

तेवढ्यात विहंग आला. टेम्पोतून पाण्याचे जार उतरवून तो पाय पुसत व्हरांड्यात आला, सुतपाबाईंना वाकून नमस्कार केला आणि सरळ उभा राहिला. दोन्ही हात पाठीमागे. बोलला, प्रवास कसा झाला विचारलं, खोलीत गरम पाणी येतंय का विचारलं, पण हात काही पुढे आले नाहीत. महाराष्ट्रात हिंदीचं जे काही होतं तेच त्याच्या हिंदीचंही झालेलं आहे, पण सुतपाबाईंना समजत होतं. त्यांनी विचारलं, हात मागे का ठेवलेस?

तो म्हणाला, "तुम्हाला लागेल म्हणून."

हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. विहंगला टोमणे येतच नाहीत, तो आमच्या घराण्यात वहिनीवर गेलाय. सुतपाबाईंनी कप खाली ठेवला. मग खुर्चीत ताठ बसून, तोंडी परीक्षेला बसल्यासारख्या, त्या म्हणाल्या की ठीक आहे, ती कानपिळी काय असते ती करून दाखव.

कुणावर? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शब्द मीच घातला होता, तेव्हा कानही माझाच. मी चष्मा काढला आणि पुढे झाले. विहंगने हात पँटला पुसले, दोन बोटांत माझा कान धरला, आणि मला काहीच कळलं नाही. पिळून झालं का, मी विचारलं. हो म्हणाला. सुतपाबाईंनी विचारलं की दुखलं का. मी म्हटलं, डास बसला असता तरी जास्त कळलं असतं. मग ही कसली कानपिळी, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या कानातलं भलंमोठं झुमकं काढून बशीत ठेवलं आणि मान वाकडी केली.

विहंगचा चेहरा पांढरा पडला. अंतिम सामन्यात शेवटची चढाई अंगावर येतानाही तो असा दिसला नसेल. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. त्याने बाईंचा कान धरला. सावित्राबाई मध्येच म्हणाली, "पिळ की रं," आणि त्याने पिळला. अगदी थोडा. बाईंनी डोळे मिटून घेतले, उघडले, हाताने कान चाचपला, झुमकं परत घातलं. मग मला इंग्रजीत म्हणाल्या की तुझे दोन्ही शब्द चुकीचे होते, आणि माझाही. कोणता बरोबर ते मात्र सांगितलं नाही. विहंगला त्यांनी एवढंच बजावलं की उजवा कान धरायचा. डाव्याच्या आसपासही जायचं नाही.

विहंग हसला तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा. सई आतून धावत आली आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. कार्ड अजून छापायला जायचं होतं. मी ते वाक्यच काढून टाकलं आणि लिहिलं की या वेळी पाहुण्यांनी नवरीच्या भावाकडे आणि नवऱ्याच्या कानाकडे लक्ष द्यावं. मराठीत काय, इंग्रजीत काय, मला यापेक्षा नेमकं काही सुचलं नाही.

लग्नाच्या दिवशी थंडी होती आणि होमाचा धूर सरळ वर न जाता वरपक्षाच्या डोळ्यांत जात होता. महिपती गुरुजींनी लाजाहोमाला विहंगला पुढे बोलावलं. त्याने सईच्या ओंजळीत लाह्या घातल्या, नीट मोजूनमापून, भाजीत मीठ टाकतात तशा. मग गुरुजी म्हणाले, आता कान. खुर्च्यांवरचे सगळे फोन एकदम वर आले. कोलकात्याची मंडळी कार्डात बघून मग मांडवाकडे बघू लागली.

विहंगने अनिर्बाणचा उजवा कान धरला आणि पिळला. अनिर्बाणने काय सुंदर नाटक केलं. मान तिरकी, डोळे गच्च, तोंडाने बंगालीत हाका. लोक हसले, माझ्या मागे कोणीतरी शिट्टी मारली. अनिर्बाणने ठरल्याप्रमाणे खिशातून घड्याळाची डबी काढून पुढे केली. विहंगने ती दुसऱ्या हातात घेतली. पण कान सोडला नाही.

पुन्हा हसणं झालं. अजून काहीतरी द्या, एवढ्यावर भागणार नाही, असं कोणीतरी ओरडलं. अनिर्बाणनेही हसत खिसे उलटे करून दाखवले. विहंग मात्र हसत नव्हता. तो सईकडे बघत होता. आणि हळूहळू ते सगळ्यांच्या लक्षात आलं आणि मांडव शांत होत गेला.

मी पुढच्याच रांगेत होते, मला नीट दिसत होतं. त्याची बोटं मुळीच आवळलेली नव्हती. कानाचा रंगही बदलला नव्हता. नुसती दोन बोटं टेकलेली, आणि ती काही केल्या निघत नव्हती. सई हळूच म्हणाली, "दादा." त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकूनही त्याला जमलं नाही. गुरुजींनी घड्याळ पाहिलं, केशव पंच्याने डोळे पुसू लागला, आणि मी, जिच्याकडे प्रत्येक धरण्याला एक शब्द असतो, ती नुसती रडत बसले.

सुतपाबाई उठल्या.  त्या मांडवात गेल्या आणि मला वाटलं आता त्याचा हात बाजूला करणार. त्यांनी विहंगच्या पाठीवर हात ठेवला आणि हिंदीत, अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "कान धरून ठेवलायस, मग बोल ना बेटा. तो ऐकतोय."

बहिणीला नीट वागव, नाहीतर गाठ माझ्याशी आहे. असंच काहीतरी तो म्हणेल असं सगळ्यांना वाटलं. विहंगने अनिर्बाणकडे पाहिलं.

"सकाळी चहा होईपर्यंत ती बोलत नाही," तो म्हणाला. "रागावलीय असं समजू नकोस."

आणि त्याने कान सोडला.

सईने ओंजळीतल्या लाह्यांसकट तोंड झाकून घेतलं. अनिर्बाणने मोकळा झालेला कान चोळला नाही. तो होता तसाच वाकलेला राहिला, मग कान विहंगच्या आणखी जवळ नेला आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "आणखी?"